तीन वीत, चार बोटं

आमच्या तंत्रनिकेतनाच्या जुन्या स्मरणिकेत माझ्याबद्दल एक वाक्य छापलेलं आहे. ‘लाल स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनातला, भल्याभल्यांना न उलगडलेला दोष सरांनी केवळ गणिताच्या जोरावर शोधून काढला.’ या वाक्यात गाडी लाल होती एवढंच खरं आहे. दोष मी शोधला नाही. मी तो वाढवला. शोधला तो आमच्या उस्तादांनी, आणि माझ्या चुकीचा डागही लागला तो त्यांनाच. यंदा नवी स्मरणिका निघते आहे. ‘सर, तोच किस्सा जरा सविस्तर द्या,’ म्हणून संपादक महिनाभर मागे लागले होते. तर घ्या, सविस्तर देतो.

उस्तादांचं सोलापुरात अक्कलकोट रोडला सायलेन्सरचं दुकान होतं. डाव्या भिंतीवर बसचे, ट्रॅक्टरचे, मोटरसायकलींचे सायलेन्सर टांगलेले आणि उजव्या भिंतीवर लग्नाच्या बँडची पितळी वाद्यं. तरुणपणी ते बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. ट्रॉम्बोन म्हणजे तो पुढेमागे सरकवायचा लांबलचक कर्णा. पुढे दातांनी दगा दिला, फुंकर निसटायला लागली, तेव्हा ते पितळ सोडून लोखंडाकडे वळले. पण त्यांच्या लेखी दोन्ही भिंती एकच होत्या. ‘पाईप म्हंजे आतली रिकामी जागा, सर,’ ते म्हणायचे. ‘पत्रा निस्ता तिला धरून बसतो.’

एकदा दुधनीचा एक बँडवाला लग्नाच्या गडबडीत आला आणि दुरुस्तीला टाकलेला कर्णा समजून भलतंच काहीतरी खांद्यावर घालून घेऊन गेला. तासाभराने त्याचा फोन. नवरदेव घोड्यावर बसलेला, करवल्या खोळंबलेल्या, आणि हा ओरडतोय, ‘उस्ताद, ह्याला तोंड कुटं लावायचं?’

उस्ताद शांतपणे म्हणाले, ‘आरं, सायलेन्सर हाय तो. पण लाव की कुटं बी. सूर लई गोड हाय त्याचा.’

सूर हा त्यांचा एकच धर्म होता असं म्हटलं तर त्यांच्या मशिदीतले लोक रागावतील, म्हणून म्हणत नाही. पण कडक भाकरीसुद्धा ते वाजवल्याशिवाय खात नसत. भाकरी कानाजवळ धरून टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. ‘ही ज्वारी मऊ पडली.’ किंवा, ‘हौ, ही बोलती.’ न बोलणारी भाकरी ते माझ्या ताटात टाकायचे आणि बोलणारी स्वतः घ्यायचे. शेंगाचटणी मात्र निम्मी-निम्मी.

भाभींची तक्रार याहून जुनी होती. ‘मेरेकू देखने आये थे ये,’ त्या मला प्रत्येक वेळी नव्याने सांगायच्या. ‘मैं चाय लेके खडी, और ये छत के पंखेकू सुनते बैठे! जाताना आमच्या अब्बांना काय म्हणाले माहितेय? म्हणाले, पंख्याचं बेअरिंग गेलंय.’

‘गेलंच हुतं की!’ उस्ताद आतून ओरडायचे. ‘आणि तुजा आवाज बी ऐकला हुता मी. म्हनून तर हौ बोललो.’

त्यांच्या गल्लीत सहा रिक्षा उभ्या राहत. एका उन्हाळ्यात धंदा थंड होता, तेव्हा उस्तादांनी त्या सहाही रिक्षांचे हॉर्न काढले, घासले, पिळले आणि सा रे ग म प ध असे लावून दिले. फुकट. नी लावायला सातवी रिक्षा नव्हती, याची हळहळ त्यांना पुढे कित्येक वर्षं होती. गल्लीत ट्रॅफिक तुंबलं की पानपट्टीवरची माणसं टाळ्या वाजवायची. एक प्रवासी तर घाईचं काम सोडून ऐकत बसला, असं उस्ताद शपथेवर सांगत. मी तिथे नव्हतो, पण मला ते खरं वाटतं.

आता मापाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. उस्तादांच्या दुकानात टेप नव्हती. ते वितीने मोजत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची ती वीत म्हणजे एक प्रकरण होतं. वर्षानुवर्षं ट्रॉम्बोन धरून आणि लोखंड वाकवून त्यांचा अंगठा पार मागे वळायचा. त्यांच्या पसरलेल्या पंजाखाली अख्खं ताट झाकलं जायचं. ते नळीवर हात टाकत, सुरवंटासारखा पुढे चालवत, उरलेलं अंतर बोटांनी भरून काढत आणि खडूची रेघ मारत. ती रेघ कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही.

मी इंजिनांचा मास्तर. मला हे सहन व्हायचं नाही. ‘उस्ताद, तीस रुपयांची टेप मिळते हो.’

‘आणि ती घरी ऱ्हायली म्हंजे? हात कदी घरी ऱ्हातो का, सर?’

तर त्या लाल गाडीकडे येतो. ती आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. माझी कवळी त्यांनीच बसवलेली. बाईंनी पन्नाशी गाठली त्या वर्षी, घरच्यांनी सोन्याच्या पाटल्या सुचवल्या असताना, पुण्याहून एक वापरलेली दोन सीटची परदेशी गाडी आणली. जमिनीपासून चार बोटं उंच. सोलापुरातले स्पीडब्रेकर बाई तिरक्या चढत, एखादीने पदर सावरून चिखलातून जावं तशा. सगळा रस्ता थांबून बघायचा.

गाडी होती झकास, पण तिला एक खोड होती. इंजिनाची ओढ, म्हणजे आम्ही जिला टॉर्क म्हणतो, ती मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत छान वाढायची. पुढे साडेचार हजारांनंतर तर गाडी उधळायची. पण मधल्या त्या हजारभर फेऱ्यांत ओढ अचानक खाली बसायची. पाय तेवढाच दाबलेला आणि गाडी मलूल. आणि आमच्या भागात उसाचे ट्रॅक्टर असतात, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. बाई ओव्हरटेकला बाहेर निघाल्या, ट्रॅक्टरच्या बरोबरीला आल्या, की नेमका तोच हजार यायचा. एकदा तर समोरून एसटी येत होती. बाई कशाबशा आत घुसल्या आणि तडक माझ्याकडे आल्या.

‘सर, कंपनीचा माणूस म्हणतो, मॅडम, या गाडीचा स्वभावच असा आहे. स्वभाव कसला? धडधडीत कीड आहे ही. दोन्हीकडे दात चांगला आणि मधे खड्डा!’

मी लॅपटॉप जोडून आलेख काढला. खरंच, दोन टेकड्यांच्या मधे खळगा असावा तशी रेघ आली. मी म्हटलं, पेट्रोलचं मिश्रण. तीन रविवार मी मिश्रण बदललं, प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. खळगा जागचा हलला नाही. शेवटी गाडीच्या पोटाखाली एक पत्रा खडखडत होता, निदान तेवढा तरी बसवू म्हणून मी गाडी उस्तादांकडे नेली.

उस्तादांनी पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘बाई, मला हिंडवून आणा,’ म्हणाले. रबराच्या नळीचं एक टोक त्यांनी गाडीखाली बांधलं, दुसरं खिडकीतून घेऊन कानाला लावलं आणि आत बसले. बसले म्हणजे उतरले. गुडघे छातीशी, टोपी छताला. अर्ध्या तासाने परत आले ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत.

‘उचकी, सर! चार हजारावर तिला उचकी लागती!’

आणि मग भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, त्यांनी भिंतीवरचा ट्रॉम्बोन काढला. फुंकर निसटत होती तरी वाजवला. सरकती नळी हळूहळू पुढे नेली. एका ठिकाणी सूर मोकळा निघाला, एका ठिकाणी घुसमटला, पुढे परत मोकळा. डॉक्टरीणबाई तोंड उघडं टाकून बघत होत्या, त्यांच्या पेशंटसारख्या.

‘लग्नाची पंगत बघा,’ उस्ताद म्हणाले. ‘हॉलला दार एकच. जेवून झालेले बाहीर निगाले. त्यातले चारदोन पान खायला म्हनून परत वळले. ते कुनी दारात नसताना आले तर काय बिगडत न्हाय. पन नवी पंगत उटायला आणि हे वळून यायला एकच गाठ पडली, तर?’

‘दारात गर्दी,’ बाई म्हणाल्या.

‘हौ! इंजिनातनं धूर भायेर जातो, त्याचा दणका नळीच्या टोकापतूर जातो आणि तितनं परत येतो. चार हजारावर तो नेमका इंजिनाचं दार उगडायच्या टायमाला परत येतो. नळी लांब केली की त्याची चाल लांबली. म्हंजे गाठ चुकली.’

मी वीस वर्षं एक्झॉस्टच्या लहरी शिकवत होतो. फळ्यावर समीकरणं लिहीत होतो. त्या दुपारी मला त्या पहिल्यांदा समजल्या. आनंदाने माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्याच काट्यात थोडा मत्सरही होता.

दोन दिवस उस्ताद त्या गाडीभोवती ट्रॉम्बोन घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वेल्डिंगच्या उजेडाला सक्त मनाई. मी भेटायला गेलो, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं, ‘लिवून घ्या, सर. इंजिनातनं चार नळ्या निगत्यात, त्या जितं एक हुत्यात त्या जोडापतूर चारी सारख्या. तीन वीत, चार बोटं. तुमच्या वर्कशॉपात कापा.’

मी लिहून घेतलं. वर्कशॉपमध्ये गेलो. स्टीलची पट्टी घेतली, तिच्यावर माझा हात पसरला आणि आकडा वाचला. त्याला तिनाने गुणलं, माझी चार बोटं मिळवली. कॉम्प्युटरवर नकाशा काढला, खाली कॉलेजचा शिक्का मारला. सदुसष्ट पूर्णांक चार सेंटीमीटर. दशांशापर्यंत अचूक. फक्त हात चुकीचा.

हसा. आता मीही हसतो. खडूच्या डस्टरपलीकडे काही न उचललेला माझा पंजा उस्तादांच्या शेजारी ठेवला तर चमचाच दिसला असता. वीत कोणाची, हे विचारण्याचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या हिशेबी सेंटीमीटर केले की माप शुद्ध होत होतं.

चाचणीच्या रविवारी सकाळी रस्त्याकडेला निम्मी गल्ली जमली होती. सहाही रिक्षा आल्या होत्या. उस्ताद हिरव्या पट्टीसकट खुर्चीवर, कान रस्त्याकडे. मी बाईंच्या शेजारी. समोर उसाचा ट्रॅक्टर अगदी ठरवून ठेवल्यासारखा. बाईंनी गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि चार हजारावर गाडीने अक्षरशः अंग टाकलं. खळगा होता तिथे विहीर झाली. ट्रॅक्टरवाल्याने खाली वाकून आमच्याकडे पाहिलं आणि ‘या की पुढं’ असा हात केला. आम्ही त्याच्या मागे मागे परत आलो.

‘सर,’ बाई उतरत म्हणाल्या, ‘आधी कीड होती. आता दातच पडला.’

हशा झाला. मग एक रिक्षावाला म्हणाला, ‘वितीनं मापल्यावर दुसरं काय हुनार?’ दुसरा म्हणाला, ‘उस्ताद, किती वीत वाजले?’ त्यावर मोठा हशा झाला. उस्तादही हसले.

दुपारी नळ्या काढल्या. दुकानात बाई होत्या, दोन रिक्षावाले होते, मी होतो. उस्तादांनी एक नळी मांडीवर घेतली आणि हात टाकला. एक वीत. दोन वीत. तिसरी वीत टाकली आणि त्यापुढे नळी बोटभरसुद्धा उरली नाही. करंगळी टोकावरून खाली, हवेत लोंबत होती.

त्यांनी मान वर केली. पट्टी नसलेल्या डोळ्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

मी हात खिशात घातला.

एवढंच. या सगळ्या लेखात मला सांगायचं होतं ते एवढंच एक वाक्य आहे. तोंड उघडायला एक क्षण होता, आणि त्या क्षणात मी हात खिशात घातला.

‘मेरीच गलती,’ उस्ताद बाईंना म्हणाले. ‘डोळ्यात औषद हुतं. बोलायला चुकलो मी.’

आठवड्याभराने, डॉक्टरची परवानगी मिळताच, त्यांनी चारी नळ्या स्वतः कापल्या, स्वतः वाकवल्या, स्वतः जोडल्या. त्या दिवशी मी आलेख काढला तो अजून माझ्या कपाटात आहे. खळगा जवळजवळ बुजला होता, राहिली होती ती नुसती सुरकुती. बाईंनी एका दमात ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मागे टाकल्या, आणि इतक्या खूश झाल्या की हॉर्न दाबून धरूनच परत आल्या. सहा रिक्षांनी त्यांना साथ दिली. ‘नी मिळाला!’ उस्ताद खुर्चीवरून उठून ओरडले. ‘सर, बाईंचा हॉर्न नी हाय!’ आणि त्या गोंगाटात ते रस्त्यावर नाचले. मीसुद्धा नाचलो. आयुष्यात तेवढंच.

पण लोकांच्या डोक्यात गोष्ट वेगळी बसली. आधी उस्तादांच्या वितीने घोटाळा झाला आणि मग सरांच्या नकाशाने गाडी सुधारली. नकाशा छापील होता, शिक्क्याचा होता. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे मला आणि उस्तादांनाच ठाऊक. स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. माइकसमोर मी म्हणालो, ‘पारंपरिक मोजमापातली त्रुटी शास्त्रीय पद्धतीने दूर करता आली.’ वाक्य मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात उस्तादांच्या. ते नुसते आले नव्हते, आपला जुना बँड घेऊन आले होते.

त्यानंतर बसवाले त्यांच्याकडे काम टाकताना सांगू लागले, ‘उस्ताद, टेपनं मापा बरं का.’ पानपट्टीवर ‘किती वीत वाजले’ हे रोजचं झालं. एके दिवशी मी गेलो, तर त्यांच्या गळ्यात पिवळी टेप लटकत होती. मी विषय बदलला. शेंगाचटणी खाल्ली. निवृत्त झालो. शाल कपाटात ठेवली, ती आजवर पांघरलेली नाही.

गेल्या आठवड्यात हा लेख इथपर्यंत लिहून मी उस्तादांच्या घरी गेलो. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली. ऐंशी ओलांडलीय, पण कान अजून शाबूत. मी जिना चढत होतो तेव्हाच वरून आवाज आला, ‘सर, उजवा गुडगा वाजतोय तुमचा.’

मी लेख मोठ्याने वाचला. पंख्याचा किस्सा आला तेव्हा भाभी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हात खिशात घातला, त्या वाक्याशी मात्र मला थांबावं लागलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला. पुढचं कसंबसं वाचून संपवलं.

‘तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं,’ मी म्हणालो.

‘हौ की.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुमी हात खिशात घातला की, सर,’ उस्ताद म्हणाले. ‘खिशातला हात कसा मापायचा?’

भाभी उठून आत गेल्या. मी मान खाली घालून बसलो. वर पंखा चालत होता. त्याचं बेअरिंग चांगलं असावं.

‘आना,’ उस्ताद म्हणाले. ‘आता काडा बगू भायेर.’

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी आपला पंजा त्याला टेकवला आणि बोटं पसरायला लागले. पसरेनात. संधिवाताने गाठी आल्यात, अंगठा अर्ध्या वाटेत थांबतो, करंगळी आत वळलीय. त्यांनी जोर लावला, दात-ओठ खाल्ले. मग आमच्या दोघांच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी. तंतोतंत.

उस्तादांना हसू फुटलं. असं फुटलं की खाट हलायला लागली.

‘अगं, भायेर ये, बग!’ त्यांनी भाभींना हाक मारली. ‘सर, लई घाई केली तुमी! नऊ-धा वर्षं थांबला असता, तर पैल्या झटक्यात बरोबर आली असती नळी!’

मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो, आणि हात सोडवत नव्हतो.

निघताना त्यांनी खुंटीवरची ती पिवळी टेप काढून माझ्या गळ्यात घातली. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं, न फोडलेलं. ‘पोराटोरांस्नी शिकवायला लागंल तुमाला,’ म्हणाले. मी निवृत्त होऊन किती काळ लोटला, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

तर संपादकांना विनंती. स्मरणिकेत जुना नकाशा छापू नये. त्याच्यावर शिक्का असला तरी तो चुकीचा आहे. ती गाडी आजही बाई चालवतात, नळ्या उस्तादांनी बसवलेल्याच आहेत. माप द्यायचंच असेल तर असं द्यावं: लांबी तीन वीत, चार बोटं. वीत उस्तादांची, त्या वेळची.